अल्फा-सिन्यूक्लीनवर फ्लुओरेसंट लेबल: तयार घ्यावे की स्वतः जोडावे, आणि कोणत्या जागी?

प्रश्न
संशोधक विद्यार्थिनी, गणेशखिंड

नमस्कार. मी पुण्यात पीएच.डी. करत असून पार्किन्सनच्या आजारात चेतापेशींमध्ये साठत जाणाऱ्या अल्फा-सिन्यूक्लीन या प्रथिनावर माझे काम आहे. या प्रथिनाचे तंतू बाहेरून दिल्यावर ते एसएच-एसवाय५वाय पेशींच्या आत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या, चेतापेशींसारख्या मानवी पेशी) शिरतात का, शिरले तर कुठे जाऊन थांबतात, आणि पेशीच्या स्वतःच्या अल्फा-सिन्यूक्लीनला आपल्यासारखे गोळा व्हायला लावतात का, हे मला कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे आहे. त्यासाठी मानवी प्रथिनाला फ्लुओरेसंट लेबल, म्हणजे प्रकाश टाकल्यावर चमकणारा रंग, जोडलेले असणे आवश्यक आहे.

माझ्यापुढे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे अ‍ॅलेक्सा फ्लुओर ४८८ हा हिरवा रंग जोडलेले पुनर्संयोजित प्रथिन तयार विकत घेणे, आणि आमच्या गाइडना तोच सोयीचा वाटतो. दुसरा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेत मानवी अल्फा-सिन्यूक्लीनचा, कोणताही टॅग नसलेला क्लोन आहेच, तेव्हा ई. कोलाय या जिवाणूमध्ये प्रथिन तयार करून, शुद्ध करून, त्याला स्वतः रंग जोडणे. आमच्याकडील ज्येष्ठ विद्यार्थी म्हणतात की एनएचएस एस्टर (लायसीनच्या अमिनो गटाला जोडला जाणारा रंगाचा प्रकार) वापरला की काम एका दुपारीत होते.

माझी शंका अशी आहे की या प्रथिनातील १४० अमिनो आम्लांत १५ लायसीन आहेत आणि सिस्टीन एकही नाही, त्यामुळे एनएचएस एस्टरने रंग नेमका कुठे बसेल हे सांगता येणार नाही. विकत मिळणाऱ्या प्रथिनाच्या माहितीपत्रकातही शुद्धतेची टक्केवारी दिलेली आहे, परंतु रंग कोणत्या जागी आणि एका रेणूला सरासरी किती जोडला आहे याचा उल्लेख मला आढळला नाही. लेबलमुळे प्रथिनाचे वागणे बदललेले नाही हे सिद्ध करण्यासाठी मी लेबल असलेल्या व नसलेल्या प्रथिनाचे थायोफ्लेविन-टी वक्र (तंतूंना चिकटून चमकणाऱ्या या रंगाने काढलेले, तंतू किती झाले हे दाखवणारे आलेख) शेजारी शेजारी ठेवणार आहे. एवढे पुरेसे होईल का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.


उत्तर १
प्रथिन-जैवरसायन, पाषाण

आपली शंका योग्य आहे, आणि ती प्रथिन मागवण्याआधी मनात आली हे फार चांगले झाले. माझे मत स्पष्ट आहे: लेबल कोणत्या जागी बसले आहे आणि एका रेणूवर किती आहे, हे माहीत नसलेले प्रथिन तंतूंच्या प्रयोगात वापरू नये, मग ते कितीही शुद्ध असो.

याचे कारण या प्रथिनाच्या रचनेतच आहे. पहिल्या सुमारे ९५ अमिनो आम्लांच्या पट्ट्यात केटीकेईजीव्ही या सहा अमिनो आम्लांच्या धर्तीचा क्रम थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा येतो आणि त्यातील धनभारित लायसीनमुळेच हे प्रथिन ऋणभारित पटलांना चिकटते. ६१ ते ९५ हा भाग तंतूच्या गाभ्यात जातो. १५पैकी ११ लायसीन पहिल्या ६० जागांमध्येच आहेत, आणि राहिलेल्या चारांतील एक, ८०वे, थेट गाभ्याच्या पट्ट्यात पडते. एनएचएस एस्टर लायसीनच्या अमिनो गटाला जोडला गेला की तेथील धनभार नाहीसा होतो, आणि वर ऋणभार असलेले एक मोठे रंगद्रव्य येऊन बसते. म्हणजे पटलाशी आणि शेजारच्या रेणूशी ज्या हातांनी हे प्रथिन पकड घेते, तेच हात आपण बांधून टाकतो. शिवाय एका नळीत कोणाला शून्य, कोणाला एक, कोणाला तीन असे रंग लागलेल्या रेणूंचे मिश्रण तयार होते, आणि 'सरासरी एक' या आकड्याआड ते सगळे लपते.

म्हणून मी सिस्टीनचा मार्ग सुचवेन. मूळ प्रथिनात सिस्टीन नसणे ही या कामासाठी मोठीच सोय आहे, कारण आपण ज्या जागी सिस्टीन घालू तीच एकमेव जागा मॅलिइमाइडला (सिस्टीनला जोडला जाणारा रंगाचा प्रकार) उपलब्ध राहते. शेवटच्या, म्हणजे १४०व्या, अ‍ॅलनीनच्या जागी सिस्टीन घालणे ही रुळलेली पद्धत आहे. हे टोक तंतूच्या गाभ्याच्या बाहेर, मोकळे राहते. साइट-डायरेक्टेड म्युटाजेनेसिससाठी (डीएनएमध्ये ठरावीक जागी बदल करण्यासाठी) आपला सध्याचा क्लोन चालेल, मात्र त्याआधी त्याचा डीएनए क्रम उघडून १३६व्या टायरोसीनचा कोडॉन (ते अमिनो आम्ल ठरवणारी डीएनएची तीन अक्षरे) पाहावा. तो टीएसी असेल तर ई. कोलाय काही रेणूंमध्ये तेथे टायरोसीनऐवजी सिस्टीन बसवतो. हे २००६ मध्ये प्रकाशित झालेले आहे. एरवी ही बाब दुर्लक्षित राहते, परंतु मॅलिइमाइड वापरणाऱ्याला ती परवडत नाही, कारण काही रेणूंना दोन जागी रंग लागतो आणि 'सिस्टीन नसलेले' म्हणून नियंत्रणासाठी घेतलेले मूळ प्रथिनही थोडे रंगते. कोडॉन टीएटी करून घेतला की हा प्रश्न मिटतो. म्युटेशनचे प्रायमर (बदल घडवणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवतानाच हाही बदल करून घ्यावा.

शुद्धीकरण अवघड नाही. प्रथिन मुळातच घडी नसलेले असल्यामुळे पेशी फोडून मिळालेला द्राव उकळला तरी ते विरघळलेलेच राहते आणि जिवाणूची बहुतेक इतर प्रथिने साका होऊन खाली बसतात. त्यानंतर ऋणायन-विनिमय स्तंभ आणि जेल-गाळण स्तंभ. जेल-गाळणीत ते १४.५ किलोडाल्टनच्या गोल प्रथिनापेक्षा बरेच आधी बाहेर येते आणि एसडीएस जेलवर १८च्या आसपास दिसते, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला भलतेच काही मिळाल्याचा भास होतो. वस्तुमान-वर्णपटात मूळ मानवी प्रथिन १४,४६० डाल्टनला आणि १४०व्या जागी सिस्टीन असलेले सुमारे १४,४९२ला यायला हवे. हा पुरावा हाती आल्याशिवाय महागड्या रंगाची कुपी उघडू नये.

सिस्टीन असलेले प्रथिन साठवणीत आपापसांत डायसल्फाइड बंध करून जोड्या बनवते. त्यामुळे लेबल करण्यापूर्वी डीटीटीने ते बंध तोडावेत आणि मग डीसॉल्टिंग स्तंभातून डीटीटी पूर्ण काढून लगेच, त्याच बैठकीत, रंग घालावा, कारण उरलेला डीटीटी आपल्याआधी रंग खाऊन टाकतो. पीएच ७.० ते ७.५ या मर्यादेत ठेवावा. त्याहून वर गेल्यास मॅलिइमाइड लायसीनकडेही वळू लागते आणि सिस्टीन निवडल्याचा उद्देशच फसतो. प्रथिनाच्या तिप्पट ते पाचपट रंग, अंधार, ४ अंश तापमान, रात्रभर. सकाळी थोडे डीटीटी घालून उरलेला रंग निकामी करावा.

यानंतरची जेल मात्र मन लावून पाहावी. कूमासी या प्रथिने रंगवणाऱ्या द्रावात टाकण्यापूर्वी ती निळ्या प्रकाशात ठेवली की प्रथिनाच्या जागी एक हिरवा पट्टा दिसतो आणि सुटा रंग राहिला असेल तर जेलच्या अगदी तळाशी, अग्रभागापाशी, पसरट हिरवी झळाळी दिसते. ती झळाळी दिसत असेल तोवर नमुना पेशींवर घालू नये. पुन्हा स्तंभातून काढावा. पेशीत शिरलेला सुटा रंग आणि शिरलेले प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच हिरवे दिसतात.

लेबलचे प्रमाण काढताना या प्रथिनाची एक अडचण लक्षात ठेवावी. त्यात ट्रिप्टोफॅन नाही, केवळ चार टायरोसीन आहेत, त्यामुळे २८० नॅनोमीटरला त्याचा शोषणांक अवघा ५,९६० आहे, तर ४९५ला रंगाचा सुमारे ७१,०००. समजा ४९५ला शोषण ०.७१ आले, तर रंग १० मायक्रोमोलर झाला. २८०ला ०.१५ आले, तर त्यातून रंगाचा वाटा, म्हणजे ०.७१ गुणिले ०.११, सुमारे ०.०७८ वजा केल्यावर ०.०७२ उरतात, आणि प्रथिन सुमारे १२ मायक्रोमोलर ठरते. प्रमाण ०.८३ आले. आता पाहा, २८०च्या वाचनातील अर्ध्याहून अधिक भाग रंगाचाच होता. दुरुस्तीचा गुणक जरासा चुकला तरी उत्तर पार बदलते. म्हणून हे गणित अंदाजापुरते ठेवावे आणि निर्णय वस्तुमान-वर्णपटावर घ्यावा. रंग लागलेल्या रेणूचे शिखर सुमारे ७०० डाल्टनने वर सरकलेले दिसते, न लागलेल्याचे जागेवर राहते, आणि दोन रंगांचे शिखर दिसलेच तर कुठे तरी दुसरी जागा उघडी आहे हे निश्चित होते.

आणखी एक. तंतू तयार करताना संपूर्ण लेबल केलेले प्रथिन घेऊ नये. लेबल केलेले ५ ते १० टक्के आणि उरलेले साधे, असे मिश्रण घ्यावे. प्रकाश पुरेसा मिळतो आणि तंतूच्या प्रत्येक थरावर रंगाची गर्दी होत नाही.


उत्तर २
पेशीसंवर्धन व सूक्ष्मदर्शन, पुणे

वरील उत्तराशी मी सहमत आहे, आणि त्यात पेशींच्या बाजूने काही भर घालू इच्छितो, कारण उत्तम लेबल केलेले प्रथिनसुद्धा चुकीच्या नियंत्रणांमुळे वाया जाते.

सर्वांत आधी थायोफ्लेविन-टीविषयी. ते ४४० ते ४५०ला उद्दीपित होऊन ४८२च्या आसपास प्रकाश देते, आणि अ‍ॅलेक्सा ४८८ नेमका त्याच पट्ट्यातील प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे लेबल असलेल्या प्रथिनाचा वक्र खाली आला तर तंतू कमी झाले की रंगाने प्रकाश गिळला, हे सांगता येणार नाही. आपल्याला हाच पुरावा मुख्य ठेवायचा असेल तर लाल किंवा अतिलाल टोकाकडील रंग, उदाहरणार्थ ५९४ किंवा ६४७, निवडावा. ४८८च ठेवायचा असल्यास दोन्ही नमुने वेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर उरलेले आणि खाली बसलेले प्रथिन जेलवर मोजावे आणि तंतूंचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्र घ्यावे. केवळ वक्रावर कोणताही परीक्षक समाधानी होणार नाही, आणि होऊही नये.

आता पेशींच्या आत काय, बाहेर काय. तंतू पेशीपटलाला घट्ट चिकटतात आणि धुतल्यावरही निघत नाहीत. ४८८सारख्या हिरव्या रंगाची एक मोठी सोय अशी की चित्र घेण्यापूर्वी ट्रिपॅन ब्लू घातले तर ते पेशीच्या आत जात नाही, पण बाहेर चिकटलेल्या तंतूंचा हिरवा प्रकाश विझवते. जे चमकत राहते ते आत आहे. म्हणजे ४८८ला थायोफ्लेविन-टीमध्ये तोटा आहे आणि येथे फायदा आहे, हे तोलूनच रंग ठरवावा. याच्या जोडीला ४ अंशांवर ठेवलेल्या पेशी घ्याव्यात, कारण त्या तापमानाला पेशी बाहेरचा माल आत ओढण्याचे काम थांबवतात. तसेच लेबल केलेला मोनोमर (तंतू न झालेला सुटा रेणू) आणि सिस्टीनशी जोडून निकामी केलेला सुटा रंग, ही दोन नियंत्रणे हवीतच. स्वस्त म्हणून कोणी एफआयटीसी हा रंग सुचवल्यास घेऊ नये. लायसोसोमच्या (पेशीतील पचनपिशवीच्या) आम्लात त्याचा प्रकाश मंदावतो, आणि आपले तंतू बहुधा तेथेच जाणार आहेत. अ‍ॅलेक्सा ४८८ला ही अडचण नाही.

पेशीचे स्वतःचे प्रथिन गोळा होते का, या आपल्या प्रश्नासाठी १२९व्या सेरीनवर फॉस्फेट असलेले अल्फा-सिन्यूक्लीन ओळखणारी अँटिबॉडी वापरावी. ई. कोलायमध्ये बनलेल्या प्रथिनावर हा फॉस्फेट नसतो, त्यामुळे हिरव्या तंतूच्या भोवती या अँटिबॉडीचा लाल रंग दिसला तर तेथे पेशीतील फॉस्फेट लावणारी यंत्रणा पोहोचली एवढे नक्की ठरते. बाहेरून आलेल्या तंतूवरच फॉस्फेट चढलेला नाही, हे पाहण्यासाठी अल्फा-सिन्यूक्लीनचे जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारी ठेवाव्यात. साध्या एसएच-एसवाय५वाय पेशींत या प्रथिनाचे प्रमाण कमी असते, म्हणून प्रथिन जास्त बनवणारी वंशावळ किंवा रेटिनॉइक आम्लाने प्रगल्भ केलेल्या पेशी घेणे श्रेयस्कर. पेशींसाठी बाहेर पाहण्याची गरज नाही. एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचे राष्ट्रीय पेशीभांडार आपल्याच परिसरात आहे.

जिवाणूंच्या आवरणातील एंडोटॉक्सिनचा विचार आपल्या प्रश्नात नाही. एसएच-एसवाय५वायमध्ये कदाचित फारसा फरक पडणार नाही, परंतु उद्या मायक्रोग्लिया (मेंदूतील प्रतिकार पेशी) घेतल्या तर त्या अल्फा-सिन्यूक्लीनला प्रतिसाद देत आहेत की एंडोटॉक्सिनला, हा प्रश्न उभा राहील. शुद्धीकरणाच्या शेवटी एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी करून आकडा नोंदवहीत लिहून ठेवावा.

सुरक्षिततेबद्दल कळकळीने सांगतो. तंतू सोनिकेशनने बारीक करताना त्यांचे सूक्ष्म तुषार उडतात. उंदराच्या मेंदूत असे कृत्रिम तंतू टोचल्यावर विकृती एका भागातून दुसऱ्या भागात पसरत जाते हे २०१२ मध्ये दाखवले गेले आहे. माणसाला प्रयोगशाळेत असे काही झाल्याचे उदाहरण नसले तरी हे काम बंद नळीत, कप-हॉर्न सोनिकेटरवर किंवा जैवसुरक्षा कक्षातच करावे. ओटा पुसण्यासाठी केवळ अल्कोहोल निरुपयोगी आहे. १ टक्का एसडीएसचे द्रावण वापरावे. आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी फाइलमध्ये असू द्यावी.


उत्तर ३
खरेदी व शीतसाखळीचे काम पाहणारी, औंध

विज्ञानाचे दोघांनी उत्तम सांगितले आहे. तयार प्रथिन घेण्याचे ठरलेच, तर मागणीपत्र देण्याआधी पुरवठादाराला लेखी विचारावयाच्या गोष्टी सांगते. लेबल लायसीनवर आहे की सिस्टीनवर, आणि सिस्टीनवर असल्यास कोणत्या स्थानी. एका रेणूमागे रंगाचे प्रमाण किती व ते कशाने मोजले. लेबल मोनोमरला केले की तयार तंतूंना. आणि आपल्याला येणाऱ्या त्याच लॉटचा वस्तुमान-वर्णपट व एंडोटॉक्सिनचा आकडा. ही माहिती मागितल्यावर चांगले पुरवठादार ती देतात. न देणाऱ्याकडून घेऊ नये, असे मी आमच्याकडील प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

प्रथिन परदेशातून कोरड्या बर्फात येते, आणि मुंबईच्या विमानतळावर कागदपत्रांसाठी एक दिवस अडकले व त्यात शनिवार-रविवार आला, तर खोक्यातील बर्फ उडून गेलेला असतो. पाठवणी आठवड्याच्या सुरुवातीला करण्याची अट मागणीपत्रातच घालावी आणि वाटेत बर्फ पुन्हा भरण्याची सोय आहे का हे विचारावे. खोके हाती आल्यावर बर्फ किती उरला आहे याचे छायाचित्र काढूनच ते उघडावे. नंतर तक्रार करायची वेळ आली तर तेच कामाला येते. नळी उघडताच छोट्या वाट्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावी, कारण एकच नळी वारंवार वितळवली की मोनोमर म्हणून घेतलेल्या प्रथिनात गोळे होऊ लागतात.


प्रश्नकर्तीचे म्हणणे
संशोधक विद्यार्थिनी, गणेशखिंड

आपणा तिघांचे मनापासून आभार. आमच्या क्लोनचा क्रम उघडून पाहिला. १३६व्या जागी टीएसीच आहे. त्यामुळे तो बदल आणि १४०व्या जागी सिस्टीन, असे दोन्ही एकाच प्रायमरमध्ये बसवता येतील का? दोन्ही जागा अगदी जवळ आहेत. शिवाय, मेंदूतील अल्फा-सिन्यूक्लीनचे पहिले टोक अ‍ॅसिटिल गटाने बंद असते असे वाचनात आले. ई. कोलायमध्ये ते होत नसेल, तर या फरकाची काळजी करावी का? आणि लेबलने प्रथिन बदलले नाही याचा याहून थेट पुरावा मिळवता येईल का?


उत्तर ४
प्रथिन-जैवरसायन, पाषाण

हो, एकाच प्रायमरमध्ये दोन्ही बसतात. १३६ ते १४० हे अंतर केवळ काही कोडॉनचे आहे. बदलाच्या दोन्ही बाजूंना पुरेसा जुळणारा क्रम ठेवा, म्हणजे झाले.

अ‍ॅसिटिल गटाबद्दल आपण योग्य वाचले आहे. यीस्टमधील नॅटबी हे विकर त्याच ई. कोलायमध्ये दुसऱ्या प्लाझ्मिडवरून तयार करून घेतले की प्रथिनाचे पहिले टोक तेथेच अ‍ॅसिटिलेट होते आणि वस्तुमान ४२ डाल्टनने वाढलेले दिसते. यामुळे पटलाशी होणाऱ्या बंधनात फरक पडतो, म्हणून पेशींच्या कामासाठी मी ते करून घेईन; मात्र पहिल्या फेरीत दोन्ही नव्या गोष्टी एकदम आणू नका. आधी साधे प्रथिन, सिस्टीन आणि लेबल ही वाट पक्की होऊ द्या.

थेट पुरावा हवा असेल तर दुसऱ्या प्रकारचे लेबल मदतीला घ्यावे. नायट्रोजनचा एकमेव स्रोत म्हणून जड नायट्रोजन-१५ असलेले अमोनियम क्लोराइड घालून एम९ माध्यमात जिवाणू वाढवले की संपूर्ण प्रथिनात तो समस्थानिक भरला जातो. त्याने प्रथिनाचे रसायन बदलत नाही, केवळ वजन बदलते. असे प्रथिन रंगासह आणि रंगाविना घेऊन दोघांचे द्विमितीय एनएमआर वर्णपट एकमेकांवर ठेवले, तर प्रोलिन सोडून जवळजवळ प्रत्येक अमिनो आम्लाचा स्वतंत्र ठिपका मिळतो. केवळ १४०च्या आजूबाजूचे ठिपके सरकले आणि बाकीचे जागच्या जागी राहिले, तर मोनोमरच्या बाबतीत लेबलचा परिणाम टोकापुरताच आहे हे अमिनो आम्लागणिक दाखवता येते. एनएमआरची सोय पुण्यात आहे, वेळ मागून घ्यावा लागतो. तंतूंच्या बाबतीत मात्र सेंट्रिफ्यूज आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांना पर्याय नाही.

तंतू बनवताना ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर प्रथिन, ३७ अंश, मिनिटाला १,००० फेरे आणि सात दिवस ही सर्वसाधारण पद्धत आहे. सात दिवसांत एक गुरुवार येतोच, आणि गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा पुण्यातील परिपाठ आपल्याला ठाऊक आहे. शेकर जनित्राच्या किंवा यूपीएसच्या जोडणीवर आहे याची खात्री आधीच करून घ्या, कारण हलवणे मध्येच काही तास थांबले तर लेबल असलेल्या आणि नसलेल्या नळ्यांची तुलना त्या दिवसापुरती निरर्थक ठरते. दोन्ही नळ्या एकाच शेकरवर, एकाच वेळी लावा. तयार तंतू बर्फात ठेवू नका. थंडाव्यात ते हळूहळू सुटू लागतात. गोठवायचे असल्यास द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवावेत आणि वापरताना खोलीच्या तापमानालाच वितळवावेत.